शिकारीचं पारंपरिक धनुष्य निवडताना: लांबी किती, घडण कोणती

नवीन माणूस धनुष्य घ्यायला गेला की पहिला प्रश्न विचारतो, "किती पाउंडांचं घेऊ?" पाउंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, पण हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी आपला ताण, म्हणजे आपण दोरी किती मागे ओढतो ते अंतर, किती इंचांचा ते मोजायचं. मग धनुष्य कुठे बसून किंवा उभं राहून चालवणार ते ठरवायचं. या दोन्हींवरून लांबी आणि घडण पक्की झाली की मगच पाउंड. दोरी बदलता येते, बाण बदलता येतो, मूठही थोडी घासून हाताजोगी करता येते. पण 52 इंचांचं धनुष्य कोणी 60 इंचांचं करून देत नाही.

इथे पारंपरिक म्हणजे चाकं, पुली आणि दुर्बीण नसलेलं धनुष्य: रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), लाँगबो (सरळ, लांब), या दोहोंच्या मधलं हायब्रिड आणि एकाच लाकडातून काढलेलं सेल्फबो. याने शिकार करण्याची आजची रीत मुख्यतः अमेरिका-कॅनडातली, आणि मापं, शब्द, मॉडेलं बहुतेक तिथलीच. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हाती बंदूक असो की धनुष्य, फरक पडत नाही. ब्रिटनमध्येही धनुष्याने वन्य प्राणी मारणं बेकायदा आहे. तेव्हा पुण्यात किंवा लंडनमध्ये हे धनुष्य घेणाऱ्याने ते टार्गेटवर आणि फोमच्या प्राण्यांवरच्या 3डी सरावात वापरावं. निवडीची पद्धत तीच राहते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा परवाना, हंटर एज्युकेशनचा कोर्स आणि किमान पाउंडांची अट आधी वाचून घ्यावी. अटी राज्यागणिक आणि प्राण्यागणिक बदलतात.

आधी ताण मोजा

दोन हात फैलावून मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याला 2.5 ने भागायचं, हा हिशोब सगळीकडे सांगतात. अंदाजाला तो ठीक आहे. पण शिकारीच्या पद्धतीत गुडघे जरा वाकलेले, डोकं बाणाकडे झुकलेलं, धनुष्य तिरकं आणि दोरी हनुवटीखाली नेण्याऐवजी ओठांच्या कोपऱ्याशी टेकवलेली असते. त्यामुळे खरा ताण या आकड्यापेक्षा अर्धा ते दीड इंच कमी भरतो.

नीट मोजायचं तर 25 ते 30 पाउंडांचं हलकं धनुष्य आणि 32 इंचांचा लांब बाण घ्या. समोर बाण अडवणारं जाड टार्गेट हवंच, कारण ताणताना दोरी निसटू शकते. शिकारीत उभे राहाल तसेच उभे राहा आणि दोरी ओढून मधलं बोट ओठांच्या कोपऱ्यावर टेकवा. बाजूला उभ्या असलेल्या माणसाने बाणावर पेन्सिलची खूण करायची, ती धनुष्याच्या पुढच्या, म्हणजे टार्गेटकडच्या कडेशी. दोरी हळूच परत आणा. असं तीनदा करा, मधे हात मोकळे सोडा. तिन्ही खुणा पाव इंचाच्या आत पडल्या तर माप विश्वासाचं. बाणाच्या मागच्या खाचेच्या तळापासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा ताण. खुणा इंचभर इकडेतिकडे पडत असतील तर अँकर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्यावर टेकवायची ठरलेली जागा, अजून बसलेला नाही. महिनाभर हलक्या धनुष्यावर सराव करून पुन्हा मोजा, तोवर खरेदी थांबवा.

मग हेच माप बुटक्या स्टुलावर बसून आणि थंडीचं जाड जाकीट घालून पुन्हा घ्या. बसल्यावर पाठ पूर्ण उघडत नाही आणि ताण बऱ्याचदा अर्धा-एक इंच घटतो. लपणात बसून शिकार करणार असाल तर तुमच्या उपयोगाचं माप हे दुसरं आहे.

मोजताना बाण न लावता दोरी सोडायचा मोह कोणालाच होऊ देऊ नका. बाणात जायची ती सगळी ताकद पात्यांमध्ये, म्हणजे मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या भागांमध्ये, परत शिरते, चिकटवलेले थर सुटतात किंवा पातं उभं तडकतं. दुकानात धनुष्य चाळवताना सर्वाधिक नुकसान याच एका गोष्टीने होतं.

या मापाचं महत्त्व आपल्याकडच्या माणसांना जास्तच. अमेरिकन धनुष्यांवरचे पाउंड 28 इंच ताणावर मोजून लिहिलेले असतात. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचा फैलाव साधारण 65–66 इंच, म्हणजे हिशोबाने ताण 26 आणि प्रत्यक्षात 25 ते साडेपंचवीस. एका इंचाला अडीच पाउंडांच्या आसपास फरक पडतो. म्हणजे "28 इंचांवर 45 पाउंड" लिहिलेलं धनुष्य त्याच्या हातात 38–39 पाउंडच भरतं. राज्याची अट 40 ची असेल तर तो नकळत नियमाबाहेर. धनुष्याचा तराजू मिळाला तर आपल्या ताणावरचे पाउंड त्यावरच मोजा.

लांबी म्हणजे नेमकं काय

जाहिरातीत लिहिलेली लांबी दोरी उतरवलेल्या धनुष्याची असते, एका टोकाच्या खाचेपासून दुसऱ्या टोकाच्या खाचेपर्यंत, पाठीच्या, म्हणजे टार्गेटकडच्या बाजूच्या, वळणावरून मोजलेली. दोरी यापेक्षा सुमारे 3 ते 4 इंच आखूड: 60 इंचांच्या धनुष्याला हाताशी साधारण 56–57 इंचांची दोरी येते. जुन्या धनुष्यावरचा आकडा पुसला असेल तर खाचेपासून खाचेपर्यंत कापडी टेप पाठीला चिकटवत न्या. हवेतून सरळ मोजलं तर रिकर्व्हचं माप कमी भरतं.

पण दोन 60 इंची धनुष्यं सारखी नसतात. मधला न वाकणारा भाग, रायझर, एकात 15 इंचांचा आणि दुसऱ्यात 20 इंचांचा असू शकतो. वाकण्याचं सगळं काम उरलेल्या पात्यांनी करायचं. लांब रायझर आणि आखूड पाती म्हणजे धनुष्य हातात स्थिर, पण ताणाच्या शेवटी कडक. आखूड रायझर आणि लांब पाती म्हणजे ओढायला मऊ, पण हलकं असल्याने मुठीची चूक लगेच बाणावर दाखवणारं. म्हणून विकत घेताना एकूण लांबीसोबत रायझरची लांबी विचारा. विक्रेता सांगू शकला नाही तर स्वतः मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

धनुष्य आपल्या ताणाला आखूड पडलं तर काय होतं? दोरी मागे येत जाते तसा दोरी आणि पात्याच्या टोकामधला कोन वाढत जातो. तो काटकोनाजवळ आला की पात्याला वाकवायला दोरीची पकड उरत नाही, आणि शेवटच्या दोन इंचांत प्रत्येक इंचाला अडीचऐवजी चार-पाच पाउंड चढतात. याला स्टॅकिंग म्हणतात. शिकारी तिथे पोचण्याआधीच थबकतो, आणि त्याचा ताण दर वेळी वेगळा पडतो. बाण वर-खाली जाण्याचं हे सर्वात मोठं कारण, आणि दोष मात्र बाणांना दिला जातो.

दुसरा त्रास बोटांना. आखूड धनुष्यात पूर्ण ताणावर दोरी बोटांपाशी टोकदार कोन करते आणि तर्जनी व अनामिका मधल्या बोटावर दाबल्या जातात. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली अशी पकड असेल तर बाणाची खाच दोन बोटांत चिमटते आणि बाण रेस्टवरून, म्हणजे तो टेकतो त्या आधारावरून, उचलला जातो. तीनही बोटं बाणाखाली ठेवली तर चिमटा कमी होतो, टॅबमध्ये (दोरी ओढताना बोटांवर घालायचं चामडं) बोटांमधला जाड तुकडा असला तरी कमी होतो. पण दोन्ही उपाय मर्यादेतलेच. बोटांना वळ उठत असतील तर धनुष्य आखूड आहे.

तिसरं म्हणजे स्थिरता. लांब धनुष्य हातात हळू फिरतं, मूठ जरा पिळली गेली तरी बाण फार भरकटत नाही. आखूड धनुष्य तीच चूक दुप्पट करून दाखवतं.

उलट बाजूही खरी आहे. 25 इंच ताणाच्या माणसाने 68 इंचांचं धनुष्य घेतलं तर पाती पुरती वाकतच नाहीत आणि बाण मंदावतो. कमी उंचीच्या माणसाला इथे खरा फायदा आहे. सहा फुटी माणसाला 62 इंचांत जी मऊ ओढ मिळते ती त्याला 58 इंचांतच मिळते, आणि आखूड धनुष्य मचाणावर सोयीचं. उंच माणसाला ही सवलत नाही.

मग इतिहासातली घोडेस्वारांची धनुष्यं चार फुटांची कशी, असा प्रश्न हमखास येतो. तुर्की आणि मंगोल धनुष्यांत पोटाला (आपल्याकडच्या बाजूला) शिंग आणि पाठीला स्नायूंचे तंतू चिकटवलेले असत. ही जोडी लाकडापेक्षा कितीतरी जास्त वाकते. शिवाय ते दोरी अंगठ्यात कडी घालून ओढत, म्हणजे दोरी एकाच जागी धरलेली, तीन बोटांचा चिमटा नाहीच. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ (Yahi) नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस इशी (मृत्यू 1916) याचं धनुष्यही चार फुटांहून आखूड, जुनिपरचं, पाठीवर स्नायुतंतू लावलेलं. तो उकिडवा बसून, दोरी अंगठ्याने ओढून बाण सोडत असे. त्याच्याकडून शिकलेला डॉक्टर सॅक्स्टन पोप उभा राहून तीन बोटांनी मारायचा आणि लांब धनुष्य वापरायचा. दोघांचंही आपापल्या पद्धतीला बरोबर होतं. पद्धत एकाची आणि लांबी दुसऱ्याची घेतली की बिघडतं.

कोणत्या ताणाला किती लांबी

तीन बोटांनी दोरी ओढणाऱ्यांसाठी हे आकडे. फायबरग्लासचे थर असलेल्या रिकर्व्हमध्ये 26 इंचांपर्यंत ताण असेल तर 56 ते 58, 27–28 ला 58 ते 60, 29 ला 60 ते 62, आणि 30 किंवा पुढे 62–64. 24 इंच ताणाच्या बाईला किंवा मोठ्या मुलाला 54 सुद्धा चालतं. हायब्रिड लाँगबोमध्ये यात 2 इंच मिळवा: 26 ला 58–60, 28 ला 62, 30 ला 64–66. सरळ पात्यांच्या जुन्या पद्धतीच्या लाँगबोला 26 साठी 66, 27–28 साठी 68, त्यापुढे 70.

सेल्फबोचा हिशोब निराळा, कारण तिथे चुकीची शिक्षा मोडण्याची आहे. मुठीतूनही वाकणाऱ्या धनुष्याला ताणाच्या दुप्पट अधिक दहा टक्के लांबी लागते. 28 इंच ताणाला साधारण 62. मूठ कडक ठेवली असेल तर तो भाग वाकत नाही, म्हणून 66 ते 68. ऑसेज किंवा हिकरीसारखं चिवट लाकूड असलं तरी यापेक्षा आखूड जाऊ नका. सातपुड्यातला भिलांचा बांबूचा कामठा, ज्याची दोरीही बांबूच्या कामटीची असते, तोही याच कारणाने लांब असतो: फायबरग्लास नाही, शिंग नाही, मग वाकण्याचा भार लांबीवर पसरवायचा.

आमचं मत स्पष्ट आहे: आकड्यांच्या दोन टोकांत अडखळलात तर मोठं घ्या. आखूड धनुष्य जागेची अडचण सोडवण्यासाठी घ्यायचं. ती अडचण खरोखर आहे की नाही ते आधी पाहायचं.

जागा तपासा, टेप घेऊन

उभारायच्या कापडी लपणाची आतली उंची मधोमध 65 ते 70 इंच असते, कडेला त्याहून कमी. आता हिशोब करू. 17–18 इंचांच्या स्टुलावर बसलेल्या मध्यम उंचीच्या माणसाचा खांदा जमिनीपासून 40 इंचांच्या आसपास येतो, म्हणजे बाणही तिथेच. दोरी चढवलेलं 60 इंचांचं रिकर्व्ह टोकापासून टोकापर्यंत साधारण 56 इंच. वर 28, खाली 28. उभं धरलं तर वरचं टोक 68 इंचांवर, म्हणजे छताला. तेच धनुष्य 30 अंश तिरकं केलं की वरचं टोक 64 वर येतं आणि खालचं जमिनीपासून 16 इंच वर राहतं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याने वरचं टोक उजवीकडे झुकवायचं. खालचं टोक मग डावीकडे, गुडघ्यांपासून दूर जातं. स्टूल असं फिरवा की डावा खांदा खिडकीकडे येईल. म्हणजे 60 इंची धनुष्य लपणात चालतं, फक्त तिरकं मारायचा सराव हवा. 66 इंचांचं मात्र कापडाला घासणारच.

एक गोष्ट इथे निसटते. पूर्ण ताणावर पाती आत वाकलेली असतात, तेव्हा सगळं मोकळं दिसतं. दोरी सोडल्यावर टोकं झपकन पुढे आणि बाहेर जातात आणि तेव्हा छताची काठी, फांदी किंवा मचाणाचा कठडा लागतो. बाण भलतीकडे, आणि पात्याच्या टोकाला तडा. म्हणून जागा तपासताना ताणून थांबू नका. बोथट टोकाचा बाण लावून, समोर टार्गेट ठेवून, प्रत्यक्ष चार-सहा बाण सोडा.

मचाणावर उभं राहून मारणार असाल तर 62 काय, 64 इंचही सहज चालतं. बसून खाली मारायचं असेल तर खालचं पातं मांडीला, सीटच्या कडेला किंवा पुढच्या कठड्याला लागतं. कंबरेतून वाकूनच मारा, नुसता हात खाली केला की ताण आखडतो. कठड्याच्या शिडी-मचाणावर 58 ते 60 बरं. सेफ्टी हार्नेसची दोरी पाठीमागच्या झाडाला कोणत्या बाजूने येते तेही पाहा. ती ओढणाऱ्या कोपराच्या वाटेत येता कामा नये. हार्नेस शरीरभराचा हवा आणि जमिनीवरून पाय उचलण्याआधी अडकवलेला हवा. धनुष्य घेऊन शिडी चढू नका, ते नंतर दोरीने वर ओढा.

पायी माग काढत शिकार करणाऱ्याला जागेची अडचण नसतेच. उघड्या रानात 64–68 इंचांचं हलकं लाँगबो दिवसभर हातात जड होत नाही. दाट झुडपांत 60–62 पुरे.

घडण: कोणाला काय

रिकर्व्हची टोकं पुढे वळलेली असतात. ताणताना ती उलगडतात, त्यामुळे आखूड लांबीतही ओढ मऊ राहते आणि तेवढ्याच पाउंडांत बाण जास्त वेगाने जातो. रायझर जाड आणि वजनदार, म्हणून हाताला हिसका कमी. बेअर कंपनीची तीन जुनी मॉडेलं लांबीचा अंदाज यायला उपयोगी आहेत: ग्रिझली 58, सुपर कोडियाक 60 आणि कोडियाक मॅग्नम 52. मॅग्नमवर नवे लोक भाळतात. 27 इंचांपुढे ताण असलेल्याने ते आधी दहा-वीस बाण मारून बघितल्याशिवाय घेऊ नये. रिकर्व्हचे तोटे दोन. दोरी टोकांजवळ पात्यावर आपटते म्हणून आवाज होतो. लोकरीचे गोंडे किंवा फरचे तुकडे दोरीत टोकांकडून एक-चतुर्थांश आणि एक-तृतीयांश अंतरावर बांधले की बराच कमी होतो. आणि रुंद, पातळ टोकं पिळली जातात. पाय घालून दोरी चढवण्याची सवय त्याला कारण. दोरी चढवायला स्ट्रिंगरच (त्यासाठीची वेगळी मदतीची दोरी) वापरा.

पहिलंच धनुष्य असेल तर टेकडाउन रिकर्व्ह घ्या, ज्याची पाती बोल्ट सोडवून निघतात. सॅमिक सेज हे 62 इंचांचं मॉडेल याच कामासाठी सगळीकडे माहीत झालं. सुरुवातीला 30 पाउंडांची पाती, पुढच्या हंगामात त्याच रायझरवर 40 किंवा 45 ची. आयएलएफ (वेगवेगळ्या कंपन्यांची पाती आणि रायझर एकमेकांना बसतील अशी जोडणी) पद्धतीत तर लांबीसुद्धा जुळवता येते: 17 इंचांच्या रायझरवर आखूड पाती लावली तर 58, मध्यम 60, लांब 62; 19 इंचांच्या रायझरवर 60, 62, 64; 21 वर 62, 64, 66. लक्षात ठेवायचं ते इतकंच की बहुतेक आयएलएफ पात्यांवरचे पाउंड 25 इंचांच्या रायझरवर मोजलेले असतात. आखूड रायझरवर तीच पाती पाच-सात पाउंड जास्त भरतात. 40 लिहिलेली पाती घेऊन हातात 46 आली, म्हणून खांदा दुखवून बसणारे बरेच असतात.

अमेरिकन धनुर्धर हॉवर्ड हिलच्या पद्धतीचं लाँगबो म्हणजे सरळ, अरुंद, जाड पाती आणि सरळ मूठ. फिरायला हलकं, आवाज कमी, मोडतोड कमी. पण बाण सुटल्यावर हाताला हिसका बसतो आणि मूठ सैल, उंच मनगटाने धरली तर तो जास्तच जाणवतो; हाताची टाच मुठीवर टेकवून घट्ट धरायची सवय करावी लागते. याची बाणाची बैठक, म्हणजे मुठीवरची बाण टेकायची जागा, मध्यरेषेच्या आत कापलेली नसते, म्हणून बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं आणि तो जरा लवचीक लागतो. रिकर्व्हचे ताठ बाण यावरून मारले तर ते डावीकडे जातात (उजव्या हाताच्या माणसाचे). धनुष्याला दोष देण्याआधी बाण बदला.

हायब्रिडमध्ये पाती मुठीशी मागे आणि टोकांकडे पुढे झुकलेली असतात, पण दोरी चढवल्यावर ती पात्याला फक्त खाचेपाशीच टेकते. वेग रिकर्व्हच्या जवळ, आवाज लाँगबोइतका कमी, हिसका किरकोळ. ज्याला एकच धनुष्य घेऊन लपण, मचाण आणि पायी फिरणं तिन्ही करायचं आहे त्याने 60–62 इंचांचं हायब्रिड घ्यावं.

सेल्फबो स्वतः घडवणाऱ्याचं किंवा ओळखीच्या कारागिराकडून घेणाऱ्याचं. ते वापरून झालं की दोरी उतरवायची, पूर्ण ताणून धरून ठेवायचं नाही, आणि ठरलेल्या ताणापलीकडे दुसऱ्या कोणाला ओढू द्यायचं नाही. हॉर्सबो, म्हणजे घोडेस्वारांच्या धर्तीची आखूड धनुष्यं, दिसायला देखणी, पण बैठक नसल्याने बाण मुठीवरूनच सुटतो. अंगठ्याची पकड शिकणार असाल तरच घ्या.

बैठकीवरून मारायच्या सगळ्या धनुष्यांना पिसांचेच बाण लागतात. प्लॅस्टिकच्या व्हेन (पिसांऐवजी लावलेले पंख) बैठकीला आपटून बाण उडवतात.

आता पाउंड

तुमच्या ताणावर 40 ते 45 पाउंड व्हाइटटेल हरणाला पुरेसे आहेत, बाण जड आणि ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं धारदार पात्यांचं टोक, वस्तऱ्यासारखं असेल तर. एल्कसारख्या मोठ्या प्राण्याला 50 च्या आसपास. कायद्याची किमान अट काही राज्यांत 35, काहींत 40. अलास्कात मूससारख्या मोठ्या प्राण्यांना 50.

चाचणी अशी: स्टुलावर बसा, धनुष्य टार्गेटवर रोखलेलं ठेवा आणि ते वर न उचलता सरळ मागे ओढा. अँकरवर पाच सेकंद थांबा. हात थरथरला, खांदा कानाकडे चढला किंवा ओढायला धनुष्य आकाशाकडे करावं लागलं तर पाच पाउंड कमी घ्या. थंडीत तीन तास बसून आखडलेल्या अंगाने हेच करायचं आहे.

ताण कमी असलेल्यांनी एक हिशोब ध्यानात ठेवावा. बाणाला ढकलण्याचं अंतर म्हणजे ताण उणे ब्रेस हाइट (चढवलेली दोरी आणि मूठ यांतलं अंतर). ताण 26 आणि ब्रेस हाइट साडेसात असेल तर साडेअठरा इंच. 28 ताणाच्या माणसाला साडेवीस. तेवढी ऊर्जा कमीच मिळणार. त्याची भरपाई पाउंड वाढवून करू नका. बाणाचं वजन धनुष्याच्या प्रत्येक पाउंडाला 10 ग्रेन (बाण तोलायचं एकक) ठेवा, म्हणजे 42 पाउंडांना 420 ग्रेन, आणि रुंद तीन धारांऐवजी अरुंद दोन धारांचं ब्रॉडहेड लावा. अंतर 15–20 यार्डांच्या पुढे नेऊ नका. जखमी होऊन निघून गेलेला प्राणी हे शिकाऱ्याचं सर्वात मोठं अपयश आहे आणि ते बहुतेकदा अंतराच्या हावेतून येतं.

जुनं धनुष्य घेताना

दोरी चढवून धनुष्य डोळ्यासमोर आडवं धरा आणि एका टोकाकडून दोरीच्या रेषेत पाहा. दोरी दोन्ही पात्यांच्या मधून जायला हवी. एका टोकाशी ती कडेला सरकलेली दिसली तर पातं पिळलेलं आहे; किरकोळ पीळ कोमट पाण्याने पातं गरम करून उलट दिशेला वळवून निघतो, मोठ्या पिळाचं धनुष्य सोडून द्या. मग कापसाचा बोळा पात्यांच्या कडांवरून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे फायबरग्लास उचकटलेलं किंवा थर सुटलेला असतो. पाठीवरच्या वार्निशातल्या बारीक रेषा घाबरण्यासारख्या नसतात. नखाला लागणारी, पात्याच्या आडवी गेलेली चीर मात्र धोक्याची. टोकांच्या खाचा दोरीने कापल्या गेल्या आहेत का पाहा.

साठ-सत्तरच्या दशकातल्या धनुष्यांना डॅक्रॉनचीच (जरा ताणल्या जाणाऱ्या धाग्याची) दोरी लावा. आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा हिसका त्यांची टोकं सोसत नाहीत. नव्या धनुष्याला कोणती चालते ते घडवणाऱ्याकडून विचारून घ्या. आणि कोणतंही थरांचं धनुष्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका; डिंक मऊ होतो, पुढच्याच ताणात पातं उघडतं.

डावखुरेपणापेक्षा डोळा पाहून धनुष्य घ्या. दोन्ही हातांनी छोटं भोक करून लांबची वस्तू त्यातून पाहा, एकेक डोळा मिटा; ज्या डोळ्याने ती वस्तू जागेवर दिसते तो तुमचा मुख्य डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताचं धनुष्य, जे डाव्या हातात धरतात.

घरी आणल्यावर ब्रेस हाइट लावा, म्हणजे दोरीपासून मुठीच्या सर्वात खोल जागेपर्यंतचं अंतर. रिकर्व्हला साडेसात ते साडेआठ इंच, हायब्रिडला साडेसहा ते साडेसात, सरळ लाँगबोला सहा ते सात. घडवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकापासून सुरू करा, दोरीला चार-चार पीळ देत वर या आणि प्रत्येक टप्प्यावर सहा बाण मारा. जिथे आवाज सगळ्यात दबका आणि हिसका सगळ्यात कमी, तिथे थांबा. तो आकडा रायझरच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा, कारण नवी दोरी पहिल्या शंभर बाणांत ताणून लांब होते आणि ब्रेस हाइट उतरते.